उचल घेण्याआधी दाखवायचा लघुपट

(मानवी हक्क दिनानिमित्त, १० डिसेंबर रोजी अंबाजोगाईत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

प्राचार्य सर, प्राध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय, 'मानवी हक्क जागृतीसाठी लघुपट कसा काढावा'. त्या 'कसा'कडे मी येणार आहे, तसा शब्द दिलाय. पण त्याच्या आधीचा एक प्रश्न गेली काही वर्षं डोक्यात घोळतोय, आणि ऐकून घेणारी माणसं समोर बसलेली असताना तो मांडल्याशिवाय मला राहवणार नाही. काढलेला लघुपट दाखवायचा कुणाला, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात?

आधी एक पाहणी करू. ज्यांच्या गावातून माणसं ऊसतोडीला जातात त्यांनी हात वर करा. बघा सर, निम्म्याहून जास्त आहेत. ज्यांचे स्वतःचे आईवडील या घडीला फडावर, म्हणजे उसाच्या शेतात तोडणीला, आहेत त्यांनी हात वर करायची गरज नाही, त्यांनी ते मनात ठेवा आणि मी चुकीचं बोललो तर नंतर येऊन सांगा. आता दुसरा प्रश्न. मोबाइलवर लघुपट कुणी काढलाय? चारच हात? मागच्या बाकांवर खसखस चाललीय, म्हणजे तिथं आणखी दोघंतिघं आहेत. त्यांनी काढलाय, पण घरी दाखवलेला नाही.

तर पहिल्या प्रश्नाचं. आज १० डिसेंबर. आज महाराष्ट्रभर मानवी हक्कांवर भाषणं होतायत, शपथा घेतल्या जातायत, ग्रामपंचायतीत लघुपट लावले जातायत. आपल्या बीड जिल्ह्यातही लावले जातील. आणि बघणार कोण? तुम्ही धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, कुठल्याही बाजूला आत्ता जा. वस्तीवर म्हातारी माणसं, दारात बांधलेली एखादी शेळी आणि कुलपं. दिवाळी झाली की टोळ्या भरून गाड्या गेल्या. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाही तर कर्नाटकात. त्या येतील मार्च-एप्रिलला, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप बंद झाल्यावर. हक्क ज्याचे सर्वात जास्त तुडवले जातात तो माणूस, जागृतीच्या दिवशी, जागृतीच्या ठिकाणी नसतो. दर वर्षी नसतो. आणि दर वर्षी आपण कार्यक्रम 'यशस्वीरीत्या पार पडला' म्हणून फोटो काढतो. मला याचा मनापासून राग येतो.

या तारखेचं महत्त्व मला कमी करायचं नाही. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. ४८ देश बाजूनं होते, विरोधात एकही नव्हता, ८ तटस्थ राहिले. भारत बाजूनं होता. आणि आपण, मराठवाडा, त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजामाच्या राज्यातून सुटलो होतो. म्हणजे आपल्याला भारतात येऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. ज्या संस्थानात वेठ घालणं ही रोजची गोष्ट होती, तिथल्या माणसाला स्वातंत्र्य मिळतं आणि लगोलग जग म्हणतं, प्रत्येकाला न्याय्य मोबदल्याचा हक्क आहे, विश्रांतीचा हक्क आहे. जाहीरनाम्याची कलमं ३० आहेत. २३ वं न्याय्य मोबदल्याचं, २४ वं विश्रांतीचं. योगायोग बघा, आपल्या राज्यघटनेतही २३ वं कलम वेठबिगारीला बंदी करतं आणि २४ वं चौदा वर्षांखालच्या लेकरांना कारखान्यात, खाणीत राबवायला. तिकडेही २३-२४, इकडेही २३-२४. विद्यार्थ्यांनो, परीक्षेत विचारलं तर निदान हे तरी विसरू नका. फडावर काय घडतं ते समजून घ्यायला या चार कलमांवरून सुरुवात केली तरी चालेल.

आता माझी तक्रार. जिल्ह्यात, विभागात लघुपट स्पर्धा होतात, तिथं मला परीक्षक म्हणून बोलावतात. मी आनंदानं जातो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगसुद्धा २०१५ पासून दर वर्षी लघुपट स्पर्धा घेतो, कोणत्याही भारतीय भाषेत काढा, इंग्रजी उपशीर्षकं द्या. ही चांगलीच गोष्ट आहे, तुम्ही जरूर भाग घ्या. पण आपल्याकडून जे लघुपट येतात ते बघताना माझ्या लक्षात आलं की आपण एकच लघुपट पुन्हा पुन्हा काढतोय. भेगाळलेली जमीन. वरून ड्रोननं घेतलेलं शिवार. फाटक्या लुगड्यातली बाई, तिच्या डोळ्यात पाणी, मागं बासरी. बासरी नसेल तर सारंगी. एक लेकरू शाळेच्या खिडकीतून आत बघतंय. मग पडदा काळा, त्यावर पांढऱ्या अक्षरात एक सुविचार, आणि शेवटी आभारांची यादी, ती मूळ लघुपटाच्या निम्मी लांब. तुम्ही हसताय, कारण तुम्ही सगळ्यांनी तो बघितलाय. त्या मुलांच्या तळमळीवर मी बोट ठेवत नाही. त्यांची तळमळ खरी असते, पदरचे पैसे घालून ती काढतात. माझं म्हणणं वेगळंच आहे. हा लघुपट त्या बाईसाठी काढलेला नसतो. तो माझ्यासाठी, परीक्षकासाठी काढलेला असतो. मला रडवण्यासाठी. मी रडतो, गुण देतो, आणि चहा पिऊन घरी येतो. त्या बाईला तिचा कोणता हक्क त्यातून कळला?

याची एक गोष्ट सांगतो. जरा लांबेल. पण आजचं माझं सगळं म्हणणं त्यात आहे.

२०२४ सालचा फेब्रुवारी. आम्ही दोघंतिघं मित्र एका कारखान्याच्या तळावर गेलो होतो. तळ म्हणजे कोप्यांची वस्ती. बांबू वाकवून वर ताडपत्री टाकलेली, वाकून आत जायचं, आत एक चूल, एक पेटी, लेकरं. सोबत एक लहान प्रोजेक्टर, एक स्पीकर, आणि असाच एका स्पर्धेत बक्षीस मिळालेला लघुपट. ऊसतोड करणाऱ्या बाईवरचा. दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये चादर ताणून बांधली. पन्नास-साठ माणसं असतील. बाया भाकरी उरकून आल्या, लेकरं पुढं, गडी मागं उभे.

लघुपट सुरू झाला आणि दुसऱ्याच मिनिटाला बाया हसायला लागल्या. मी चमकलो. पडद्यावर नायिका ऊस तोडत होती, संगीत गंभीर होतं. एक म्हातारी म्हणाली, "आगं, ही ऊस तोडायली का दातून?" मग एकेकीनं सांगायला सुरुवात केली. पोरीनं ऊस कमरेतून तोडला होता. फडात ऊस बुडख्यातून, जमिनीलगत तोडावा लागतो. साखर सगळी बुडाला असते, वर बुडखा ठेवला तर कारखान्याचा माणूस बोलणी घालतो. अंगात शर्ट नव्हता. फडातली बाई लुगड्यावर नवऱ्याचा नाही तर लेकाचा जुना फुल शर्ट घालते, पाचट अंगाला कापतं म्हणून. मोळी दोरीनं बांधली होती. मोळीला दोरी कोण देणार? ती वाढ्यानंच, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या हिरव्या पाल्यानंच बांधतात. आणि वाढं म्हणजे त्या बाईचे रोजचे वरखर्चाचे पैसे असतात, दुधाचा धंदा करणारे गावकरी जनावरांसाठी विकत घेतात, त्यातून तेल-मीठ भागतं. हे सगळं त्या बाया मला सांगत होत्या आणि पडद्यावर नायिका मोळी डोक्यावर घेऊन रडत होती. "हिची मोळी तर पोराच्या दप्तरायेवढी हाय," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळा तळ हसला.

तुम्हाला वाटेल, हे कलेचे बारकावे झाले. तसं नाही. पुढं ऐका.

लघुपट संपला. आठ मिनिटांचा होता. शेवटचा सुविचार आला, तो कुणी वाचला नाही. काळोखात थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मघाच्या म्हातारीच्या शेजारी बसलेली एक बाई, असेल पस्तिशीची, ती म्हणाली, "समदं खरं हाय भाऊ. रडायलो आमी बी. पर यंदा भाव वाढला म्हणतेत, किती वाढला ते ह्याच्यात कामून न्हाई?"

आठ मिनिटं. ड्रोन, बासरी, सगळं. आणि त्यात भाव नव्हता. टनाला किती मिळतात हा आकडा ऊसतोडीवरच्या लघुपटात नव्हता. त्या वर्षी जानेवारीत साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली होती. २७३ रुपये होते ते टनाला ३६६ च्या आसपास झाले. मोठी बातमी होती, पेपरात पहिल्या पानावर आली. पण ज्या बाईच्या हातात कोयता होता तिच्यापर्यंत ती 'वाढला म्हणतेत' एवढीच पोचली होती. आमच्यातल्या एकानं मोबाइलवर शोधून तो आकडा मोठ्यानं वाचला.

आणि मग मी आयुष्यात पाहिलेली सगळ्यात सुंदर गोष्ट घडली. त्या बाईनं तोंडी हिशेब सुरू केला. म्हणाली, टनामागं नव्वद-ब्याण्णव रुपये वाढले. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असं धरू. मग दिवसाचे पावणेदोनशेच्या वर वाढले. थांबली. "आन खाडा पाचशेचा." म्हणजे आजारी पडून एक दिवस घरी, घरी म्हणजे कोपीत, बसलं की मुकादम, म्हणजे टोळी नेणारा कंत्राटदार, पाचशे रुपये कापतो. "म्हंजी तीन दिसाची वाढ येका खाड्यात गेली."

मघा मी ज्या २४ व्या कलमाबद्दल बोललो, विश्रांतीच्या हक्काबद्दल, त्याच्यावर इतकं नेमकं भाष्य मी कोणत्याही परिसंवादात ऐकलेलं नाही. मागं उभे असलेले गडी पुढं सरकले. एकानं विचारलं, खाडा कापायचा मुकादमाला हक्क हाय का? दुसऱ्यानं विचारलं, उचल फिटली नाही तर पुढल्या साली त्याच्याचकडं जावं लागतं, हे कायद्यात हाय का? उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे. टोळीचा मुकादमही तिथंच उभा होता, तोही ऐकत होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा चेहरा काही फार वाईट झाला नव्हता. तोही वाहतूकदाराकडून पैसे उचलून बसलेला असतो, त्याच्याही डोक्यावर कर्ज असतं. चर्चा अशी रंगात आली, आणि तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचे दिवे दिसले. कुणी तरी ओरडलं, "गाडी आली!" दोन मिनिटांत सगळा तळ रिकामा. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. त्याच बाया फळीवरून डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रकवर चढत होत्या. मी चादर सोडत होतो.

आता मला सांगा, आम्ही तिथं काय दाखवलं? जागृती त्या आठ मिनिटांत झाली की नंतरच्या पाऊण तासात? माझं उत्तर ठरलेलं आहे. लघुपट हा प्रश्न उघडण्यासाठी असतो, आणि तो ज्याचा प्रश्न आहे त्याच्यासमोर उघडावा लागतो. आपल्याकडे हे नवीन नाही. पैठणला नाथांनी भारूड रचलं ते कुणासाठी? देवळाच्या गाभाऱ्यातल्या माणसाला ते रचायची गरज नव्हती. आंबेडकरी जलसेवाले वस्तीवस्तीत जाऊन पाण्याचा हक्क, शिक्षणाचा हक्क गाऊन सांगत होते आणि गाणं झालं की माणसं प्रश्न विचारत होती. आपल्या हातात आज कॅमेरा आला आणि आपण गाणं ठेवलं, वस्ती सोडून दिली.

आणखी एक प्रसंग सांगणं मला भाग आहे, कारण इथं मुली पुष्कळ बसल्यात. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर गाजली. विधिमंडळात प्रश्न आला, सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायांची पिशवी काढलेली निघाली. हे बाहेर आलं ते फार गरजेचं होतं, आणि ते बाहेर काढणाऱ्यांचे उपकार आहेत. पण त्यामागून कॅमेऱ्यांची रांग लागली. एकेका गावाला 'पिशवीवाल्या बायांचं गाव' असं नावच पडलं. मला एक बाई भेटली, तिचा चेहरा कुणीतरी काढलेल्या लघुपटात होता. तिनं बोलायला हो म्हटलं होतं, कारण समोरची पोरं चांगली होती, 'मावशी मावशी' करत होती. पण तो लघुपट मोबाइलवर फिरत फिरत तिच्या लेकीच्या सासरी पोचेल, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं मला एवढंच विचारलं, "आता ते पुसता येतं का?"

तिला मी काय उत्तर देणार होतो? हक्कांवर चित्रपट काढताना बाईचा खाजगीपणाचा हक्क आपणच मोडला. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करणं कायद्यानं गुन्हा आहे, नव्या भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्याचं २३ वं कलम मनाई करतं. पण गर्भपिशवीच्या बाबतीत असं थेट कलम नाही, म्हणून काय तिचं तोंड दाखवायचं? आणि त्याच सुमारास जिल्ह्यात एक महत्त्वाची गोष्ट झाली होती. खाजगी दवाखान्याला पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं भाग केलं गेलं. हे एक वाक्य बायांना कळणं किती मोलाचं होतं! 'डॉक्टर पिशवी काढायला सांगतायत, पण आधी सरकारी दवाखान्यात दाखवते' असं म्हणायला तिला बळ आलं असतं. मी जे लघुपट पाहिले त्यांत रडणं भरपूर होतं, हे वाक्य कुठंच नव्हतं.

सरांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. बरोबर आहे, अध्यक्षीय समारोप व्हायचाय, आणि बसनं जाणाऱ्या मुली आहेत, त्यांचा खोळंबा नको. म्हणजे 'कसा काढावा' हे आता भराभर सांगावं लागणार. लिहून घ्या.

पहिली गोष्ट वेळेची. ऊसतोडीचा लघुपट डिसेंबरात गावात दाखवू नका. तो दाखवायचा मृगाच्या पेरण्यांपासून पोळ्यापर्यंत, आषाढ-श्रावणात. कारण तेव्हा मुकादम उचल वाटतो. खताला पैसे नसतात, पोरीचं लग्न झालेलं असतं, दवाखाना असतो, आणि माणूस स्टॅम्पपेपरवर सही करतो किंवा अंगठा उठवतो. कधी कधी स्टॅम्प कोराच असतो. सगळ्या हंगामाचं नशीब त्या दिवशी ठरतं. त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं लघुपट पाहिला पाहिजे. काय घ्यायचं त्यात? कोऱ्या कागदावर अंगठा नाही. दर टनाला किती, तो आकडा. खाड्याचं आधी बोलून घ्यायचं. कराराची नक्कल मागायची, निदान मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा. आणि उचल घेतली म्हणून कुणी कुणाला फडावर डांबून ठेवू शकत नाही, बायकालेकरांना अडकवून ठेवू शकत नाही. १९७६ चा वेठबिगार मुक्ती कायदा आहे, तसं घडलं तर जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्याकडे जायचं. चार मिनिटांत हे सगळं बसतं. मी बसवून पाहिलंय.

दुसरा लघुपट दसऱ्याच्या आधी, गाड्या भरायच्या आधी. तो कागदपत्रांचा. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र घ्या. लेकरांना सोबत नेण्याआधी शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. मूल गावात राहिलं तर त्याची शाळा सुटत नाही, आणि विशेषतः मुलगी गावात सुरक्षित राहिली तर तिचं लग्न घाईनं उरकायची पाळी येत नाही. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दुसऱ्या राज्यातल्या रेशन दुकानातही तुमचं धान्य मिळतं. ही शेवटची गोष्ट मी ज्या तळावर सांगितली तिथं माणसांना पटत नाही. म्हणून ती भाषणात सांगू नका. एक बाई परक्या गावच्या दुकानात मशीनवर अंगठा लावते आणि पिशवीत गहू पडतो, हे दाखवा. कॅमेरा असल्या कामासाठीच आहे.

तिसरा फडावर, हंगाम चालू असताना. तो सगळ्यात लहान, दोन मिनिटांचा, मोबाइलवरून मोबाइलवर जाणारा. तळावर वीज नसते, फोन चहाच्या टपरीवर नाही तर ट्रॅक्टरवर चार्ज करतात, डेटा संपलेला असतो. फाइल हलकी ठेवा. वाचता न येणाऱ्यांसाठी सगळं बोलून सांगा. त्यात नंबर द्या. लेकरासाठी १०९८, बाईसाठी १८१, मोफत वकिलासाठी १५१००. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर तिचं उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरण वकील देतं, हे कित्येकांना ठाऊक नसतं.

मानवी हक्क आयोगाबद्दल लोक नेहमी विचारतात, ते एका दमात सांगतो. राष्ट्रीय आयोग १९९३ च्या कायद्यानं झाला, राज्याचा आयोग मुंबईत आहे. अर्जाला फी नाही, मराठीत लिहिला तरी चालतो, पण घटनेला एक वर्ष व्हायच्या आत द्यावा लागतो. मात्र मुकादमानं पैसे बुडवले म्हणून थेट आयोगाकडे जाता येत नाही. आयोग सरकारी माणसानं हक्क मोडला किंवा तो मोडला जात असताना रोखण्यात हलगर्जी केली तर बघतो. पोलिसांनी तक्रार घेतली नाही, तहसीलमधून हाकलून लावलं, तर मग आयोग. लघुपटात हा फरक चुकला तर माणूस चुकीच्या दारात वर्ष घालवतो. म्हणून संहिता लिहून झाली की आधी एखाद्या वकिलाला वाचायला द्या, मग कॅमेरा काढा.

आणि चेहरा. शक्यतो खऱ्या बाईचा चेहरा घेऊ नका. हात दाखवा, पाय दाखवा, आवाज घ्या, किंवा तिच्याच टोळीतल्या बायांना दुसऱ्या कुणाची गोष्ट करायला लावा. त्या उत्तम काम करतात, ऊस बुडख्यातून तोडतात आणि मोळी वाढ्यानं बांधतात! चेहरा घेतलाच तर हा लघुपट कुठं कुठं जाईल ते तिला आधी सांगा, जोडून झाल्यावर सगळ्यात आधी तिला दाखवा, आणि ती नको म्हणाली तर तो भाग काढा. बक्षीस गेलं तरी चालेल. स्पर्धेला पाठवायचा तो त्यानंतर. परीक्षकाला वर्षभर कधीही दाखवता येतो, त्याला काही घाई नसते.

मराठवाड्यात इतर प्रश्न नाहीत असं नाही. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, टाक्यांवर जमावबंदी लागली, पाण्याचा हक्क हा स्वतंत्र विषय आहे. जात पंचायतीच्या बहिष्काराविरुद्ध २०१६ चा राज्याचा कायदा आहे, त्यावर अजून फारसं कुणी काढलेलं नाही. कोठडीतली मारहाण आहे, गटारात उतरवलेली माणसं आहेत. त्या प्रत्येकाचा आपापला महिना आहे, आपापली जागा आहे, ती तुम्ही शोधायची. बहिष्काराचा लघुपट जत्रेच्या आधी. गटारांचा पावसाळ्याच्या आधी, नगरपालिकेनं ठेका देण्याच्या आधी, आणि तो नगरपालिकेच्या सभागृहात दाखवायचा. कोठडीचा, माझं मत विचाराल तर, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या अकादमीत दाखवायचा, भरती व्हायच्या आधी. आपल्याकडे अशा अकादम्या तालुक्यातालुक्यात आहेत आणि तिथं पहाटे पाचला दोनशे पोरं मैदानावर हजर असतात. इतका तयार प्रेक्षक कुठं मिळणार?

झालं सर, उठतोच. एक काम तेवढं राहिलं. येत्या आषाढात आम्ही धारूर-वडवणीच्या बाजूच्या गावांत उचलीचा लघुपट घेऊन फिरणार आहोत. रात्रीचे खेळ, गावातच मुक्काम. तुमच्या परीक्षा तोवर झालेल्या असतील. ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी बाहेर दाराजवळ वही ठेवली आहे. नाव आणि फोन नंबर लिहा. गावाच्या रकान्यात मूळ गाव लिहा, अंबाजोगाईतल्या खोलीचा पत्ता नको, कारण पहिला खेळ आपल्याला ज्याच्या त्याच्या गावातच लावायचाय. आणि तुमच्या गावातला मुकादम कुठल्या आठवड्यात पैसे वाटतो ते घरी विचारून त्याच ओळीत लिहा. मुलींनी बिनधास्त नावं द्यावीत, दोन प्राध्यापिका सोबत आहेत. माईक घ्या सर.